रात्री थांबणारे घड्याळ

मुलुंडच्या त्या सोसायटीत अण्णांची जुनी फियाट उभी असे. तिच्या डॅशबोर्डवरचे कैक वर्षांचे मुके घड्याळ शेजारच्या अबोल मिहिरने स्वतः मागून घेतले आणि खपून जिवंत केले. काजळलेले कॉन्टॅक्ट घासले, जळकी कॉइल नव्याने भरली. त्याच्या टेबलावर ते बॅटरीला जोडले की बिनचूक चाले. गाडीत मात्र सकाळी पाहावे तर चालू, पण रात्रभराने मागे.

"तुझं घड्याळ रात्री झोपतं रे," अण्णा म्हणाले. "शेवटचं बघ. रविवारी जुन्या गाड्यांची रॅली आहे. नाहीतर बाजारातलं डिजिटल ठोकतो तिथे."

दुसऱ्यांदा उघडूनही दोष सापडेना, तेव्हा आपल्या हाताला यशच नाही, असे मिहिरला वाटू लागले.

आज घड्याळ बसवून तो गाडीतच थांबला. थोड्या थोड्या वेळाने 'टक्' करून घड्याळ स्वतःच स्वतःला चावी देई. दिवेलागण झाली. पायी फेरी मारून अण्णा आले, त्यांनी बॉनेट उघडले, पान्याने बॅटरीची वायर काढली. पुढचा 'टक्' आलाच नाही. टिकटिक क्षीण होत विझली.

"अण्णा, वायर का काढलीत?"

"आयला, आत आहेस होय! दचकलो ना. रोज काढतो. तुझ्या वसुधाकाकूला कळा सुटल्या त्या रात्री बॅटरी उतरलेली, गाडी सुरूच होईना. तेव्हापासून."

उत्तर मिहिरच्या ओठांवर होते. पण ज्या सवयीने एक भीती इतकी वर्षे निजवली, तिला चूक कसे म्हणावे?

"घड्याळ त्याच वायरीवर जगतं, अण्णा," तो हळूच म्हणाला. "काढलीत की थांबतं. सकाळी लावलीत की तिथूनच पुढे."

अण्णांनी हातातल्या पान्याकडे पाहिले. "म्हणजे रोज मीच त्याचा गळा दाबतो, आणि वर तुलाच बोलतो? पण वायर न काढता मला झोप यायची नाही हां."

"काढा ना खुशाल. त्याला मी थेट बॅटरीवरून वेगळी, बारीक वायर देतो. एवढ्याने बॅटरी नाही उतरत."

वायर जोडून झाली. जाड वायर काढलेलीच ठेवून दोघे आत बसले. वरून वसुधाकाकूंची हाक आली, "अहो, पानं वाढलीत! मिहिरलाही आणा."

"थांब गं जरा!"

टक्.

"झकास," अण्णा पुटपुटले, पण उठले नाहीत. "अजून एक होऊ दे."

मिहिर मोठ्याने हसला आणि पुन्हा सीटला टेकला.