उलटा हेडफोन

त्याचं खरं नाव हेडफोनच्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि त्या नावाला ओ देताना तो जरा ताठच व्हायचा. स्टुडिओत गाण्यांचे आवाज जुळवायचं त्याचं काम. गाणारीचा गळा किती पुढे, बासरी किती मागे, हे सव्वीस वर्षं त्याच्या दोन कानांनी ठरवलं होतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं. बायको म्हणायची, घरात खिळासुद्धा ठोकता येत नाही याला.

दर शनिवारी दुपारी महागड्या हेडफोनच्या त्या दुकानात बैठक बसायची. एकच गाणं, आवाज सगळ्यांना सारखाच, डोळे मिटलेले, आणि बैठकीत मध्येच 'वा' म्हणेल त्याने चहा पाजायचा. दातांचा डॉक्टर सर्वांत जास्त चहा पाजायचा. दिवसभर लोकांच्या दाढा कोरून कान विटलेल्या त्या माणसाला बासरी ऐकली की राहवायचंच नाही.

त्या शनिवारी डॉक्टरने आपला लाकडी वाट्यांचा हेडफोन पुढे केला. "बोल, कानसेन. माझा की दुकानातला हा नवा?"

कानसेनने आधी लाकडी घातला, मग नवा. दोन्हींत डावीकडून आवाज दबका येत होता, उशीखालून आल्यासारखा.  पण जीभ सरावाची होती.

"तुझा गोड आहे, मान्य. गळा अगदी मांडीवर येऊन बसतो. पण बासरीची फुंकर ऐकायची तर नवाच. खिडकी उघडल्यासारखं मोकळं वाटतं त्यात."

"वा!" डॉक्टर म्हणाला, आणि निमूटपणे चहा सांगायला उठला.

यातलं एक अक्षरही कानसेनने आज ऐकलं नव्हतं. मागच्या वर्षी याच दोन जातींचे हेडफोन स्टुडिओत ऐकून त्याने वहीत लिहून ठेवलं होतं, तेच आता घडाघडा म्हणून दाखवलं. पाठ केलेल्या धड्याला मार्क मिळावेत तशी त्याला लाज वाटली.

त्याची सगळी आशा त्याच्या स्वतःच्या जुन्या हेडफोनवर होती. डावीकडून कमी येतं, असं गेले पाच महिने तो म्हणत होता, आणि दुरुस्तीच्या टेबलावरचे मामा गेले पाच महिने तोच हेडफोन उघडत होते. मामा साठीचे. एकदा वायर बदलली, एकदा पॅड, आणि आता तिसऱ्या खेपेला आतला पडदाच नवा बसवला होता. अलीकडे मामांची बोटं किंचित थरथरायची. मालकाने सकाळीच बजावलं होतं, "या वेळी कानसेन हो म्हणाले तर टेबल तुमचं. नाहीतर मामा, पुरे झालं आता."

मामांनी हेडफोन दोन्ही हातांनी दिला. कानसेनने डोळे मिटले. गाणं सुरू झालं.

डावीकडे तेच. उशीच.

"कसा आहे?" मामांनी विचारलं.

"डावा अजून कमीच आहे."

मामांचा चेहरा उतरला, पण हात जोडावेत अशा आवाजात ते म्हणाले, "एकदा उलटा घालून बघता का? तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

खरंच होतं ते. डावी वाटी उजव्या कानावर चढवायची. वाटीत खोट असेल तर आता उजवीकडून कमी येणार. तरीही डावीकडूनच कमी आलं, तर हेडफोन बिनचूक आणि खोट कानात. नव्या गिऱ्हाइकांची जिरवायला कानसेन हा डाव हसत हसत टाकायचा. पाच महिन्यांत स्वतःवर मात्र एकदाही टाकला नव्हता. का टाकला नव्हता, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मालक गल्ल्यावरून उठून जवळ आला. कानसेन काम करायचा तो स्टुडिओ याच मालकाच्या धाकट्या भावाचा होता. इथे बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत तिथे पोचायचा.

कानसेनने हेडफोन उलटा केला. देवा, उजवीकडे जाऊ दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

डावीकडूनच कमी येत होतं.

गाणं संपेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. सव्वीस वर्षं संपली, असं त्याला स्वच्छ कळलं.  मग त्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, "आता उजवीकडे कमी झालं. म्हणजे वाटीतच आहे."

डॉक्टरने चहाचा कप खाली ठेवला. मालकाने भुवया उंचावल्या, हेडफोन उचलून स्वतः घातला, सुलटा ऐकला, उलटा ऐकला.

"मला तर दोन्हीकडे सारखंच येतंय," तो म्हणाला. "मामा, तुम्ही ऐका बरं."

मामांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. कानसेन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. सारखंच आहे म्हणा, मामा, मला खोटं पाडा, असं त्याला ओरडावंसं वाटलं. त्याच वेळी ते खरंच तसं म्हणतील, अशी भीतीही वाटत होती.

"मलाही सारखंच वाटतंय," मामा सावकाश म्हणाले. "पण साहेब, वीस वर्षं बघतोय मी. आपल्याला जे ऐकू येत नाही, ते यांना येतं. हे म्हणतात तर असणारच. माझाच हात गेला आता."

"मामा..." कानसेन म्हणाला. 

"तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. खरं तेच सांगितलंत."

त्यांनी फडक्याने दोन्ही पॅड पुसले, वायर नीट गुंडाळली आणि हेडफोन त्याच्या हातात दिला. "चांगला तुकडा आहे. दुसऱ्या कुणाकडून तरी नीट करून घ्या."

कानसेनने तो घेतला.