रुचिरसाठी निवडलेला किनारा

बालीला जायचं ठरलं, तेव्हा किनारे निवडायचं काम आपोआप स्मिताकडे आलं. सिंगापूरला म्हणाव्या तशा लाटा नाहीत. त्यामुळे पोस्टडॉकसाठी इथे आल्यापासून सुट्टी मिळाली की ती बाली गाठायची आणि मनसोक्त सर्फिंग करायची. तिचा धाकटा भाऊ रुचिर पुण्याहून नोकरीसाठी आला होता आणि जुरोंग ईस्टला तिच्याच फ्लॅटमध्ये राहत होता. सर्फिंगच्या फळीवर तो जेमतेम उभं राहायला शिकला होता. त्याच्या ऑफिसातला तन्मय मात्र तरबेज होता.

"तू इथे जायचं," स्मिताने नकाशावर बोट ठेवलं. "लाट संथ येते. पडलास तरी खाली वाळू आहे. तन्मयला हवं तर तो पलीकडे कड्याखाली जाईल. तिथे पाण्याखाली प्रवाळ आहे, ब्लेडसारखं. तू तिकडे फिरकूसुद्धा नकोस."

"हो गं ताई."

निघायच्या आधीच स्मिताचा गुडघा दुखावला. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. तिने स्वतःची पिवळी फळी रुचिरला दिली आणि तो तन्मयबरोबर गेला.

शनिवारी सकाळी ती पाय उशीवर ठेवून सोफ्यावर बसली होती. त्या कड्यावरच्या एका कॅफेने समुद्राकडे कॅमेरा लावला होता, त्याचं थेट चित्रण लॅपटॉपवर दिसायचं. तन्मयला बघावं म्हणून तिने ते लावलं. तन्मय दिसला. त्याच्या मागोमाग पिवळी फळी पाण्यात उतरत होती.

तिने रुचिरला फोन केला. नुसतीच रिंग वाजत राहिली. तन्मयचाही फोन उचलला जाईना. मग तिने कॅफेत फोन लावला.

"पिवळ्या फळीवाला मुलगा, त्याला परत बोलवा, प्लीज!" ती इंग्रजीत ओरडली.

"मॅडम, ते फार लांब गेलेत," पलीकडची मुलगी म्हणाली. "इथून हाक ऐकू जाणार नाही."

लाट उठली. रुचिर फळीवर उभा राहिला, क्षणभर टिकला आणि दिसेनासा झाला. फळी हवेत उडाली. पाठोपाठ दुसरी लाट आली आणि सगळा फेस चित्राच्या कडेबाहेर गेला. कॅमेरा वळणार नव्हता, तरी स्मिताने लॅपटॉपच तिरका करून पाहिला. खाली स्विमिंग पूलवर मुलं आरडाओरडा करत होती. तिने उठून खिडकी लावली आणि पुन्हा फोन करत बसली.

दुपारी रुचिरचा फोन आला.

"ताई, घाबरू नकोस. पाठीला टाके पडलेत फक्त. तन्मयने ओढून काढलं."

"डोक्याला लागलं का?"

"नाही गं. तुझ्या किनाऱ्यावर आज लाटाच नव्हत्या. सगळी लहान पोरं डुंबत होती." त्याचा आवाज आनंदाने कापत होता. "पण मी उभा राहिलो, ताई! टाके निघाले की पुन्हा इथेच येणार."

"तन्मयला दे," ती म्हणाली.

"मी नको म्हणालो होतो," तन्मय घाईने म्हणाला. "त्याने ऐकलं नाही."

"जखम ओली होऊ देऊ नका," स्मिता म्हणाली.