हिलरीचा लाल कोट

मेव्हिसला मी तोंडावर सांगितलं होतं, "तो लाल कोट त्या पोरीच्या अंगावर चढवू नकोस." पण ऐकेल तर ती माझी धाकटी बहीण कसली! तिची लेक हिलरी तापाने गेली, त्याला दोन हिवाळे झाले, तरी खोलीतली चादरसुद्धा ही बाई बदलू देत नाही. आणि निराधार पोरांचं बघणाऱ्या कौन्सिलवाल्यांनी लीड्सहून शेरिलला सांभाळायला आणून सोडलं, तर पहिल्याच दिवशी कोट बाहेर!

शेरिल नऊ वर्षांची. समोर ताट आलं की तोंड मिटून बसायची. गालफडं बसली पार. शुक्रवारी कौन्सिलची बाई बघायला येणार होती, आणि पोर अशीच राहिली तर परत नेणार होती. मेव्हिसच्या जिवाला नुसता घोर.

शाळेत शिकवते ना ती, दुःखातही शब्दच चिवडते. "ताई, आपण 'फॉस्टर' म्हणतो ते दुसऱ्याचं मूल सांभाळण्याला. पण तो शब्द 'फूड'च्याच घराण्यातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खाऊ घालणं. आणि तेवढंच मला जमत नाही गं."

"शब्द कसले उकरतेस? पोरीकडे बघ!" मी खेकसले. तिने पुन्हा तांदळाची खीर चढवली, वर जायफळ किसून. ती खीर तशीच थिजली.

गुरुवारी सकाळी आमच्या एका मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं. दुसऱ्या एका कोकराची आई गेली होती, तेही भुकेने ओरडत होतं. अशा वेळी आमच्या डोंगरात सगळे करतात तेच मी केलं. मेलेल्याचं कातडं सोललं, पायांना भोकं ठेवून पोरक्या कोकराला चढवलं आणि त्याला मेंढीपुढे सोडलं. मेंढीने शेपटीपाशी हुंगलं आणि पिऊ दिलं.

वळून बघते तर मेंढवाड्याच्या दारात शेरिल, लाल कोटात. मागे मेव्हिस.

"तिला वाटतंय तिचंच आहे?" शेरिलने विचारलं.

"वासावरून तसं वाटतं तिला."

"आणि कातडं नसतं तर?"

"ढुशी मारून हाकललं असतं." बोलले आणि जीभ चावली.

शेरिलने कोटाची बाही हुंगली. "हा कुणाचा आहे?"

पोरीने एकेक बटण काढलं, कोट गवतावर ठेवला आणि पातळ स्वेटरमध्ये कुडकुडत उभी राहिली.

"आता मला हाकलणार?"

मेव्हिस हुंदके देऊन रडली. मग स्वतःची शाल काढून तिने पोरीला गुंडाळलं आणि तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"नाही गं बाई. तुला... तुला काय आवडतं खायला?"

शेरिलने शाल आवळून घेतली. मग म्हणाली, "बीन्स. टोस्टवर."

मेव्हिस धावत घरात गेली. मी तिच्यामागे. फडताळ उपसलं, कोठीची खोली उपसली. बीन्सचा एक डबा म्हणून सापडला नाही. हिलरीला बीन्स आवडत नसत.