सत्काराचे स्पाइक्स

"काका, तुम्ही स्वतः कधी पळालात का?"

हा प्रश्न माझा नव्हता. काव्या आणि शाइनी, माझ्या वर्गातल्या दोघी, यांनी पैज लावली होती. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, भरल्या हॉलमध्ये, माइकवर प्रमुख पाहुण्यांना हे विचारून दाखव, महिनाभर शारजाच्या रोल्ला बाजारातला शोरमा आमच्याकडून. मी विचारलं. मागच्या वर्षी मला माइक दिसला तरी घाम फुटायचा. यंदा इथल्या सगळ्या इंडियन शाळांत चारशे मीटरला पहिली आले आणि तेव्हापासून मला कोणाचीच भीती वाटेनाशी झाली. घरात हे जरा जड जातंय.

प्रमुख पाहुणे म्हणजे सूर्यकांतकाका. एसीच्या डक्टची मोठी कंपनी, आणि त्या कंपनीच्या पुढे दोन पावलं चालणारं पोट. बाबा त्यांच्याकडे मॅनेजर. म्हणजे आमचा व्हिसा त्यांचा, अल मजाजमधला फ्लॅट त्यांचा, आणि त्यांच्या विनोदांवर हसण्याची ड्यूटी आमची. काकांनी नुकताच माझा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ आणि एक खोका. खोक्यात खरेखुरे अमेरिकन स्पाइक्स, खिळ्यांचे शर्यतीचे बूट, जे इथे दुकानात बघायलाही मिळत नाहीत. शिवाय डिसेंबरात मला आणि आईला कॉलेज बघायला अमेरिकेचं तिकीट, हेही त्यांनी माइकवर जाहीर केलं. ओहायोतल्या एका कॉलेजच्या कोच मला सप्टेंबरपासून फॅक्स पाठवत होत्या. स्कॉलरशिप मिळण्याची बरीच शक्यता होती. ते कॉलेज काकांनीच सुचवलेलं.

काका माझ्या प्रश्नावर खदखदून हसले.

"मी कशाला पळू? मी पळवतो. चौऱ्याहत्तर साली त्याच कॉलेजातून एमएस केलं मी. आजही दरवर्षी तिथल्या अ‍ॅथलेटिक्सला माझी देणगी जाते. स्टेडियममध्ये पाचव्या रांगेत एका खुर्चीवर माझ्या नावाची पितळी पट्टी आहे."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

दहा दिवसांनी बाबांच्या ऑफिसात फॅक्स आला, बारा पानांचा. त्या कॉलेजात खेळाडू आणि त्यांचे पाठीराखे नियम पाळतात की नाही, एवढंच बघणारं एक आख्खं ऑफिस आहे. मला ही कल्पना इतकी आवडली की मी दोनदा वाचून काढलं. आपल्याकडे नियम फक्त नोटीस बोर्डावर राहतात, तिथे त्यांना टेबल-खुर्ची आहे. नववा प्रश्न असा होता: कॉलेजच्या कोणा माजी विद्यार्थ्याकडून किंवा देणगीदाराकडून तुम्हाला वा घरच्यांना वस्तू, पैसे किंवा प्रवासखर्च मिळाला आहे का? हो किंवा नाही. हो असेल तर नाव लिहा. खाली स्पष्ट केलं होतं, की अशा माणसाने नवीन खेळाडूला काहीही द्यायचं नसतं, आणि घेणारा खेळाडू स्पर्धेतून बाद होऊ शकतो. शेवटी माझी सही आणि पालकांची सही.

तोपर्यंत मी दहा सकाळी ते स्पाइक्स घालून शाळेच्या ग्राउंडवर पळाले होते. खरं सांगते, पायाला पंख फुटल्यासारखं वाटत होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये मीटिंग भरली. काका आले, मंडळाच्या सेक्रेटरी शोभनाकाकू आल्या. आईने पोहे केले. सोफ्यावर काका बसले आणि बाबा आपल्याच घरात डायनिंगच्या खुर्चीच्या कडेला टेकले.

"काय तरी बाई एकेक," शोभनाकाकू म्हणाल्या. "शाल-श्रीफळ ही काय लाच असते का गं? सत्कार आहे तो. आपली पद्धत आहे."

"शालीचं कोणी काही म्हणत नाहीये काकू. स्पाइक्स आणि तिकीट."

"मग ते मंडळाने दिले म्हणायचं." त्यांनी पर्समधून मंडळाचं लेटरहेड काढलं, शिक्काही काढला. शुक्रवारी सकाळी पोहे खायला येताना जी बाई शिक्का घेऊन येते, तिच्याबद्दल मी काय बोलणार. "मागची तारीख टाकू. खलास."

"पण मंडळाने नाही दिले."

"अगं, मंडळ आणि सूर्यकांतभाऊ काय वेगळे आहेत का?"

"हबीबी," काका मला म्हणाले, तोंडात पोहे होतेच, "अमेरिकेतून कोण शारजात बघायला येतंय? तू 'नाही'वर खूण कर, उपेंद्र सही करेल, मी तिकीट उपेंद्रच्या नावावर टाकतो. यल्ला, चला, संपला विषय."

बाबा पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला करत होते. माझे बाबा साइटवर पन्नास माणसांना ओरडतात म्हणे. मी ते कधी पाहिलेलं नाही.

आई हळूच म्हणाली, "साडेतीनशे दिरहमचे बूट. चार हजार रुपये. तेवढ्यासाठी मुलीचं भविष्य?"

"तेच म्हणतेय मी," मी म्हणाले.

मग मी काकांकडे वळले. "काका, हा नियम तुम्हाला माहीत नव्हता?"

"अगं, ते लोक दरवर्षी देणगीदारांना लांबलचक पत्रक पाठवतात. काय करावं, काय करू नये. कोण वाचतं?"

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

मी टीपॉयवरचा फॅक्स उचलला. बाबांनी काल तो काकांना वाचायला दिला होता, त्याला कुठेच दुमड नव्हती. फक्त बाराव्या पानाचा कोपरा मुडपलेला होता, आणि एका ओळीखाली पेनाची रेघ. नियम मोडणाऱ्या देणगीदाराला काही वर्षं कॉलेजच्या खेळांपासून लांब ठेवलं जाईल आणि त्याचा सन्मान काढून घेतला जाईल, अशी ती ओळ होती.

म्हणजे अकरा पानं माझ्याबद्दल होती, ती त्यांनी चाळली. रेघ मारली ती स्टेडियममधल्या आपल्या खुर्चीखाली.

"हे तुम्ही वाचलंत की," मी म्हणाले.

काकांनी प्लेट खाली ठेवली. "उपेंद्र, मुलगी फार बोलायला लागलीय."

बाबा म्हणाले, "संपदा, आत जा."

मी आत नाही गेले, खाली गेले आणि दिवस बाहेरच काढला. संध्याकाळी सहाला, तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा, खालच्या बूथमधून टेलिफोन कार्ड घालून थेट त्या ऑफिसला फोन लावला. रूथ नावाच्या बाई होत्या. मी भडाभडा सगळं सांगितलं, शाल आणि नारळसुद्धा. त्या हसल्या नाहीत. 'श्रीफळ'चं स्पेलिंगही विचारून घेतलं. मग म्हणाल्या, वस्तू परत कर, तिकीट घेऊ नकोस, सगळं नावासकट लिही. कदाचित काही शर्यती बाहेर बसावं लागेल, कदाचित जागाही जाईल. मी प्रॉमिस करू शकत नाही. पण लपवलंस आणि पुढे कळलं, तर तू संपलीस, आणि तुझ्यासोबत पळालेल्या मुलींचे निकालही पुसले जातील. कार्ड संपायच्या आत मी थँक यू म्हटलं. कोणी मोठ्या माणसाने माझ्याशी एवढं सरळ बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

वर आले तेव्हा आई-बाबा दोघंच होते. शोभनाकाकूंचं पत्र, शिक्क्यासकट, टेबलावर ठेवलेलं.

"सही करून टाक, बाळा," आई म्हणाली. "बाबांच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"इन्शाल्ला, त्यांना कधी कळणारही नाही," बाबा म्हणाले. मला त्यांच्या आवाजाची कीव आली, आणि कीव आली याचा आणखी राग आला.

"बाबा, कुठल्या बिल्डिंगमध्ये कुठला डक्ट बसतो, हे काकांना माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. ते तुम्हाला काढणार नाहीत. तुम्ही घाबरता म्हणून ते काढण्याचं नाव घेतात."

"त्यांनी काढलं तर?"

"काढलं तर आपण परत जाऊ. मी पुण्यात पळेन."

मी फॉर्म टेबलावर ठेवला. "ऐका. नवव्या प्रश्नाला मी 'हो' लिहिलंय आणि समोर काकांचं पूर्ण नाव. स्पाइक्स उद्या मी स्वतः त्यांच्या ऑफिसात नेऊन देणार, तिकीट नको म्हणून तिथेच सांगणार. त्यानंतर शाळेच्या ऑफिसातून हा फॅक्स जाणार. बाबा, खाली तुमच्या सहीची जागा आहे. नसेल करायची तर नका करू. मी तिथे लिहीन की वडिलांनी सही केली नाही, आणि तसाच पाठवीन."