गालावरची नजर आणि नवं ताट

"निघाली! निघाली!" असा एकच गलका झाला आणि मागच्या बायका टाचा उंचावून पाहू लागल्या.

साखऱ्याजवळच्या तांड्यात, देवळाच्या ओट्यावर, चंद्रामाता नावाची बाई रेशमी आसनावर बसली होती. तिच्या हातात गुलाबी दगडाचं इवलंसं लाटणं होतं, दांडीला अडकवलेलं, गालावरून फिरवायचं. पुढ्यात वाटीभर लेप, पाण्यासारखा नितळ. गालाला लेप लावायचा, दगड फिरवायचा, मग बोटांनी जरा चोळायचं, की मळकट वळ्या गळून पडत.

"ये मैल नहीं है, बेटी, नजर है नजर!" माता सांगत होती. "ही चंद्रशिळा बारा वर्षं हिमालयात चांदणं पीत बसली होती. ती फक्त नजर खाते."

बारा वर्षं चांदणं पिऊनही शिळेची भूक भागली नसावी. सकाळपासून तिनं वीस बायकांची नजर खाल्ली होती, आणि तिला पुसायला फडकं मात्र एकच होतं.

संगिताचा नंबर आला. दुसऱ्या बाळंतपणापासून तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळसर डाग उठले होते. लग्नाकार्यात ती पदर पुढं ओढूनच बसायची. तिच्या गालावरून वळ्या पडल्या तशी मातेनं डोळे मिटले.

"ही नजर बाहेरची नाही. तुझ्या घरातल्या म्हातारीची आहे. शिळा अशी सात बैठकांत फिरेल तेव्हा वांग जाईल. तोवर तिला लेकराला हात लावू देऊ नकोस."

संगिताच्या घरात म्हातारी एकच, सासू मिराबाई. ती गर्दीतच नातवाला कडेवर घेऊन उभी होती. संगिता उठली आणि तिनं लेकरू सासूच्या कडेवरून काढून घेतलं.

पुढचे चार दिवस त्या घरात वाईट गेले. सात महिन्यांचं पोरगं आजी दिसली की हात पसरायचं, संगिता त्याला आत न्यायची. संगिताचा नवरा देविदास बायको आणि आई यांच्यात अडकला. "आई, थोडे दिस दम धर. वांग गेला की सगळं बराबर व्हईल," एवढंच तो म्हणाला. मिराबाईला राग आला होता, पण रागाहून भीती मोठी होती. खरंच आपल्या डोळ्यांत काही असलं तर?

गुरुवारी ती जीपमध्ये बसून सेनगावला गेली आणि जन्मात पहिल्यांदा एका ब्यूटी पार्लरची काच ढकलून आत शिरली. पार्लर पुनमचं. संगिताला नवरी म्हणून तिनंच सजवलं होतं.

"या मिराबाई! फेशियल करायचं का?"

"तोंडाचं ऱ्हाऊ दे, पोरी. माज्या डोळ्यांतली नजर काढून टाक. मला नातू घ्यायचा हाय."

पुनमनं सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक पांढरी बाटली आणि हिरव्या दगडाचा रोलर काढला.

"मातेचं सामान असंच हाय का?"

"अगदी असंच! तुझंबी हिमालयातनं आलं?"

"न्हाई, कुरिअरनं."

पुनमनं थोडा लेप मिराबाईच्या मनगटावर चोळला. वळ्या पडल्या. मिराबाईचा चेहरा उतरला. मग पुनमनं तोच लेप भिंतीवरच्या आरशाला चोळला. तिथंही वळ्या पडल्या.

मिराबाईनं आरशावरच्या वळ्या बोटानं पुसून पाहिल्या. "आता आरशाला कुनाची नजर लागली गं?" आणि तिला असं हसू फुटलं की खुर्चीतली गिऱ्हाईकही हसू लागली.

रविवारी चंद्रामाता पुन्हा ओट्यावर बसली. या वेळी पुनम आणि मिराबाई पुढं सरकल्या. मिराबाईच्या हातात स्टीलचं नवंकोरं ताट होतं, दुकानाचा कागद अजून चिकटलेला.

"माता, याची नजर काढा."

"शिळा निर्जीव वस्तूवर चालत नाही!"

"मग मीच चालवून बघते," म्हणत मिराबाईनं वाटीतला लेप घेतला आणि ताटावर चोळला. भराभरा वळ्या निघाल्या.

"दुकानदाराची नजर असेल," माता म्हणाली.

"व्हय? आन् ही?" मिराबाईनं उरलेला लेप मातेच्याच हातावर चोळला. मातेच्या गोऱ्या हातावरून वळ्या सांडल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "मातेलाबी नजर! हिच्या घरात म्हातारी कोन हाय?" सगळा ओटा हसण्यानं दणाणला.

पुनम ओट्यावर चढली. "बायांनो, हा पार्लरात मिळणारा लेप हाय. यात झाडांपासून काढलेले बारीक तंतू असतात, कापसात असतात तसे. चोळलं की पाणी सुटतं, तंतू गोळा होतात, त्याच्या वळ्या होतात. तुमच्या गालावरची धूळ आन् तेल त्याला चिकटतं म्हणून त्या मळकट दिसतात. यात नजर न्हाई आन् चमत्कारबी न्हाई."

"मंग हा दगड फेकून द्यायचा?" एकीनं विचारलं.

"काहून फेकायचा? गार दगड हलक्या हातानं फिरवला की बरं वाटतं, सकाळची सूज घटकाभर उतरते. मीबी रोज फिरवते. पण आपापला वापरा आन् धुऊन वापरा. एकच दगड वीस तोंडांवर फिरला, तर एकीचे फोड दुसरीला व्हायचे. वांग त्यानं जात न्हाई. तो बाळंतपणानं आन् उन्हानं येतो. त्याला कातडीचा डॉक्टर लागतो."

तांड्याचे नायक फुलसिंग यांनी मातेला सगळ्यांकडून घेतलेली दक्षिणा परत करायला लावली. जीप येईपर्यंत माता एकटीच फाट्यावर उभी होती.

संगिता ओट्यावरून घरी आली, तेव्हा मिराबाई दाराबाहेरच थांबली होती. संगितानं लेकरू तिच्या हातात दिलं. "चुकलं माजं," ती खाली बघत म्हणाली.

"चुकलं खरं," मिराबाई म्हणाली. "मीबी भ्यालेच की. चल, उद्या हिंगोलीला डॉक्टरकडं जाऊ. मी पोरगं धरते."

आपल्यालाही अशी माणसं भेटतात. ती आधी अंगातून काहीतरी काढून दाखवतात आणि मग घरातल्या एखाद्याकडं बोट करतात. तेव्हा एवढंच करा. त्यांचा प्रयोग दुसरीकडं करून बघा. जी गोष्ट कुठंही घासली तरी तेच दाखवते, ती तुमच्याबद्दल काहीच सांगत नसते. विचारायला लाजू नका, आणि पुरावा मिळेपर्यंत आपल्या माणसावरचा विश्वास सोडू नका.