दिवा खोटं बोलत नव्हता

मी थंड हवेची मशीन बोलतेय. एसी म्हणा, स्प्लिट म्हणा, मला फरक पडत नाही. पनवेलात कमळाबाईंच्या खोलीत भिंतीवर टांगलेली आहे. माझी एक पेटी आत, दुसरी बाहेर मागच्या अंगणात, मध्ये तांब्याच्या नळ्या. आतली पेटी खोलीतली उष्णता ओढून घेते, बाहेरची ती अंगणात फेकते. बस्स. यात जादू काही नाही. पण लोकांना वाटतं मी थंडी तयार करते, जशी म्हैस दूध देते.

जन्म माझा समुद्रापलीकडचा. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका ओळीत उभ्या होत्या, कोण कुठे गेली देव जाणे. मी लोखंडी डब्यात अंधारात डुलत डुलत न्हावा शेव्याला उतरले. तिथून दुकानात, दुकानातून टेम्पोत, टेम्पोतून या घरात. साल पंच्याण्णव. सुभाष बंदरावर कारकून होता, त्याने मला आणली. हौस म्हणून नाही. आईसाठी.

सुभाषची आई म्हणजे कमळाबाई. पूर्वी एकदा स्टोव्हचा भडका उडाला आणि तिची पाठ, दंड, छाती सगळं भाजलं. बाई वाचली. कातडी भरून आली, पण त्या कातडीला घाम येईना. घाम नाही तर अंग निवणार कसं? चैत्र-वैशाखात ती ओलं फडकं गुंडाळून बसायची आणि तरी चक्कर येऊन पडायची. डॉक्टर म्हणाले, थंडाव्यात ठेवा, नाहीतर एखाद्या दुपारी दगावेल.

थोरला सत्यजीत पाचगणीला बँकेत. तो फोनवर म्हणाला, "आईला इकडे पाठव कायमची. इथे पंखासुद्धा लागत नाही."

कमळाबाई उसळली. "तिकडं मी बोलू कुनाशी? धुक्याशी?"

म्हणून मी आले. ठरलं असं की मशीन चालली तर आई पनवेलात, नाही चालली तर पाचगणी. एका बाईचं घर माझ्या एका बटणावर टांगलेलं. मी जीव तोडून चालायचं ठरवलं.

पहिला उन्हाळा काय सांगू! दुपारी शेजारची गोदूबाई यायची, आणखी दोघी-तिघी यायच्या. कुणाच्या मांडीवर वालाच्या शेंगा, कुणाकडे निवडायचे तांदूळ. दार लावा गं, दार लावा, असं ओरडत बसायच्या आणि स्वतःच दार उघडं टाकायच्या. गोदूबाई बरोबर माझ्या तोंडाखाली बसायची आणि तासाभराने म्हणायची, "बाय, मना थंडी वाजते." कमळाबाई म्हणायची, "मंग ऊठ की तिथून! जागा पन सोडत नाय." हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. कमळाबाईला त्या उन्हाळ्यात एकदाही चक्कर आली नाही. अशा दुपारी त्या घराने आधी पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी बंद पडायला लागले.

भर दुपारी, ऐन कामात. मला श्वास घेता येईना, गरम हवा टाकता येईना. जळून जाण्यापेक्षा थांबावं, असं माझ्या पोटात आधीच लिहून ठेवलेलं आहे. मी थांबायचे आणि तोंडावरचा हिरवा दिवा उघडमीट करायचे. सहा वेळा, मग जरा उसंत, पुन्हा सहा वेळा. ती माझी भाषा. सहा म्हणजे बाहेरच्या पेटीची घुसमट होतेय. याहून स्पष्ट मी काय बोलणार होते?

घरात मात्र ज्याचा त्याचा अर्थ. सुभाष म्हणाला, व्होल्टेज कमी असेल. गोदूबाई म्हणाली दृष्ट लागली, आणि माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. सून सुनीता तेवढी शहाणी. ती म्हणाली, "दिवा काहीतरी सांगतोय. मेकॅनिकला बोलवा."

अंकुश मेकॅनिक कळंबोलीहून स्कूटरवर आला. त्याला माझी भाषा येत होती. बोटांवर मोजून म्हणाला, "सहा. बाहेरच्या पेटीत लोचा आहे." मी म्हटलं, चला, सुटले. तो अंगणात गेला. पेटी मोकळी, पंखा हाताने सहज फिरतोय, जाळी स्वच्छ. त्याने वीज बंद करून परत लावली. मी सुरू झाले, चांगली गार.

"काही नाही मावशी, मस्त चाललीय," म्हणाला, चहा प्यायला आणि गेला.

दुसऱ्या दुपारी मी पुन्हा बंद.

तो पुन्हा आला. पुन्हा सहा, पुन्हा पेटी मोकळी. नळीतला गॅस तपासला, पंख्याची मोटर बदलली. तिसऱ्या खेपेला त्याने हात टेकले. "वहिनी, मशीन चुकीचा कोड दाखवतेय. बाहेर काही नाहीच. हिचं डोकं गेलंय, बोर्ड. तो इथे मिळत नाही."

मला खोटी ठरवली! दिवा असून मुकी असणं काय असतं, ते मला विचारा.

त्या आठवड्यात कमळाबाई न्हाणीत चक्कर येऊन पडली. सुभाषने पाचगणीला फोन केला. सुनीताने ट्रंक काढली. कमळाबाई पलंगावर बसून भिंतीकडे बघत होती, भांडतसुद्धा नव्हती. ती भांडत नाही म्हटल्यावर घर कसं भेसूर वाटायला लागलं. मला उतरवून न्यायला अंकुशला संध्याकाळी बोलावलं होतं.

तो आला भर दुपारी. दुसरं काम बारगळलं म्हणून. मागच्या दाराने सरळ अंगणात, न सांगता. मी नुकतीच बंद पडले होते.

आणि त्याने पाहिलं. माझ्या बाहेरच्या पेटीवर ओलं नऊवारी लुगडं. चांगलं चार पदरी केलेलं, पुढून-मागून खाली सोडलेलं, उडू नये म्हणून वर विटा.

"मावशी! हे काय?"

कमळाबाई दारात आली. "लुगडं हाय. बाईमानसाच्या कपड्याकडं काय बघतोस असा?"

"रोज घालता इथे?"

"रोज. यंदापासनं दुपारची न्हाते ना मी. फटक्यात वाळतं. फुडून थंडी, मागून ऊब, बिल एकच. यक्कल लागते त्याला."

"मग मी येतो तेव्हा कधी दिसलं नाही ते?"

"तू येनार म्हनून काढून ठेवते! परका मानूस अंगनात येतो, त्याच्याफुडं लुगडी टांगून ठेवू? आमाला काय रीतभात नाय?"

अंकुश मटकन पायरीवर बसला. मग त्याने तोंड दुसरीकडे करून हाक मारली, "वहिनी, हे तुम्ही काढा." सुनीताने लुगडं ओढलं. त्याने वीज बंद केली, परत लावली. मी दणक्यात सुरू झाले. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "खरं सांगत होती बिचारी. आपणच तिचं तोंड बांधून ठेवलं होतं."

कमळाबाई माझ्याकडे आणि लुगड्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिचा आवाज परत आला. "मेल्या, तीन येळा च्या पिऊन गेलास, एकदा विचारायचं नाय? सुनीते, बघत काय बसलीस? ट्रंक रिकामी कर. नि सुभ्याला सांग, त्या पाचगणीवाल्याला फोन कर. म्हनावं, मी येत नाय."

तुम्हा माणसांची ही खोड मी तेव्हापासून ओळखून आहे. आजाऱ्याला न्हाऊमाखू घालून, चादर बदलून डॉक्टरपुढे बसवता आणि मग म्हणता, डॉक्टरला काही कळलं नाही. अहो, दुखणं पाहुण्यासाठी आवरून ठेवलंत तर दिसणार कसं?

पुढचे उन्हाळे कमळाबाई या खोलीतच राहिली. भांडली, हसली, शेंगा सोलल्या. यंदाच्या जानेवारीत गेली. थंडीचे दिवस, मी बंद होते. ऊन नाही, आग नाही, स्वतःच्या पलंगावर, सुनीताच्या हातून दोन घोट पाणी पिऊन गेली.

आता मी खरोखर मेलेय. बाहेरच्या पेटीतला कॉम्प्रेसर जाम झालाय. अंकुशने बघून सांगितलं की भाग मिळत नाही, हिला सोडा आता. पण सुनीता सोडत नाही. "आई हिच्याखाली झोपायच्या," म्हणते, माझ्यावरची धूळ पुसते आणि त्याच खोलीत उकाड्यात घामाने भिजत पडते.

सुनीते, ऐक. मी काही तुझी सासू नाही. मी पत्रा आहे, तार आहे. माझं काम झालं, आणि चांगलं झालं. मला उतरव. नळ्या निघाल्या की भिंतीला भोक राहील. नवी मशीन येईपर्यंत ते लिंपू नकोस. तेवढाच वारा येईल तुला.