दुधावरचा आळ

कांदिवलीच्या त्या फ्लॅटमध्ये चहा झाला, की रेवती खोलीचं दार लोटून दूध काढायला बसे. भरलेल्या बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि इस्पितळात लेकीपाशी जायचं, असा तिचा नेम झाला होता.

त्या सकाळी फ्रीजर उघडला, तर आत मटारच्या पिशव्या. बाटल्या धुऊन ओट्यावर पालथ्या घातलेल्या.

"आई, माझं दूध?"

"ओतून टाकलं," तिच्या सासूबाई, शर्मिष्ठाबाई, मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "जे लेकराच्या छातीत साचलं, ते घरात कशाला ठेवायचं?"

आटू नये म्हणून सिझेरियनच्या टाक्यांची कळ सोसत थेंब थेंब जमवलेलं दूध होतं ते.

शर्मिष्ठाबाई अडाणी नव्हत्या. विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. पण नात जन्मली ती छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक घेऊन. आतडी छातीत चढलेली, फुप्फुस दबलेलं. ऑपरेशन झालं, पडदा शिवला, सगळ्यांनी हुश्श केलं. आईचं दूध सुरू झालं आणि छातीत घातलेल्या नळीतून पांढरं पाणी येऊ लागलं.

डॉक्टर तेजल यांनी रेवतीला आणि तिच्या नवऱ्याला, शौनकला, कागदावर चित्र काढून समजावलं होतं. "या ऑपरेशननंतर क्वचित असं होतं. अन्नातली चरबी वाहून नेणारी शरीरातली बारीक नळी छातीत गळतेय. साधं कुठलंही दूध दिलं असतं तरी हेच झालं असतं. सध्या बिनचरबीचं खास दूध देऊ. तुमचं दूध काढत राहा, पुढे तेच द्यायचंय."

शर्मिष्ठाबाईंनी त्यातलं एकच वाक्य उचललं : आईचं दूध बंद केलं. ते सोसायटीभर झालं. "हिचं दूधच बाधलं पोरीला!"

"तू सांग ना रे आईंना," रेवती नवऱ्याला विनवायची.

"तिला पटणार नाही गं. कशाला वाद?" शौनक मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचा.

गळती थांबली. डॉक्टरांनी पुन्हा आईचं दूध सुरू केलं, ते बाळाच्या अंगी लागलं, बाळ घरी आलं. तरीही रेवतीची पाठ वळली, की आजी पावडरचा डबा काढायच्याच.

बारशाला घर भरलं. पाळणा सजला. रेवती बाळाला घेऊन पुढे झाली, तशा शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, "तू राहू दे. प्रियंका घालेल पाळण्यात. तिची दोन्ही मुलं धडधाकट आहेत."

धाकटी जाऊ प्रियंका अवघडून जागीच उभी राहिली.

"शौनक, डॉक्टर काय म्हणाल्या ते तूही ऐकलंयस," रेवती म्हणाली. "सांग सगळ्यांना."

"आत्ता नको ना, यार. लोक आलेत."

"लोक आलेत म्हणूनच."

शौनक पेढ्यांचं ताट घेऊन पाहुण्यांकडे वळला. मग रेवतीनेच सांगितलं. शिवलेला पडदा, गळणारी नळी, तिचं बंद झालेलं दूध, सगळं. मध्ये ती कुठेच थांबली नाही. सांगून झाल्यावर ती पाळण्याशेजारी बसली आणि सगळ्यांदेखत लेकीला पदराखाली घेतलं. खोलीत बाळाच्या घुटक्यांचा आवाज तेवढा येत होता.

"तमाशा केलास," सासूबाई पुटपुटल्या.

ओटीचे नारळ घेऊन बायका निघाल्या. बाळाला छातीशी धरून रेवती दारापर्यंत गेली. लिफ्टचं दार लागता लागता आतून आवाज आला, "काही म्हण, दूध बंद करावं लागलं म्हणजे काहीतरी असणारच ना तिच्यात!"

आत आणखी तिघी होत्या. सगळ्यांनी नुकतंच सगळं ऐकलं होतं. एकही बोलली नाही.

रेवतीने चपला पायात सरकवल्या आणि ती जिन्याकडे वळली.

"अगं, कुठे चाललीस?" शौनक दारातून ओरडला.

"खाली. परत सांगायला."